एकेचाळीस हजार नकार

कैवल्य सरंजामेनं शलाकाला लग्नाचं विचारलं ते स्टुडिओच्या जिन्यात, भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत. आणि ती हसली.

हसण्याला कारण होतं. वर रेकॉर्डिंगच्या खोलीत तिनं नुकताच एक नकार संपवला होता. 'नको रे बाबा, युवराज!' या जपानी ॲनिमे मालिकेच्या मराठी आवृत्तीत ती मिओरीचा आवाज होती. मिओरी म्हणजे नूडल्सच्या गाडीवर राबणारी, फटकळ तोंडाची मुलगी. शहरातल्या सगळ्यात श्रीमंत घराण्याचा वारस तिच्यामागे लागलेला. दर भागात तो नवी युक्ती काढून मागणी घालायचा आणि दर भागात मिओरी त्याला नव्या शब्दांत वाटेला लावायची. त्या दिवशी चौऱ्याण्णवावा भाग झाला. घसा कोरडा पडला म्हणून शलाका पाणी प्यायला खाली येते, तर जिन्यात स्टुडिओचा मालकच उभा.

"तुमच्याशी लग्न करायची माझी इच्छा आहे," कैवल्य म्हणाला. "सावकाश विचार करून सांगा."

"सर, हा पुढच्या भागातला संवाद आहे का?"

"नाही. हा माझा आहे."

तिचं हसू ओसरलं. "मग नाही. रागावू नका."

"बरं," तो म्हणाला आणि तिला वाट देऊन वर गेला.

सरंजाम्यांचे सौर पटलांचे कारखाने कोल्हापूरपासून गडहिंग्लजपर्यंत पसरले होते. स्टुडिओ हा धाकट्या मुलाचा, म्हणजे कैवल्यचा, हौसेचा धंदा. वय छत्तीस, वागणं मवाळ, व्यसन नाही. दोन दिवसांत बातमी सगळीकडं झाली आणि शलाकाला सगळ्यांनी खुळ्यात काढलं.

"अगं, दिसायला बरा आहे, बोलायला चांगला आहे, नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणून निघून जातो," ओवी म्हणाली. "हा नमुना मिळतो कुठं?" राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये दोघी सहा वर्षं एकत्र राहत होत्या. ओवी विद्यापीठात उसावरच्या बुरशीचा अभ्यास करायची आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर काचेच्या बश्यांतून बुरशी वाढवायची.

"त्याच्याशी बोलताना मला कसंतरी होतं," शलाका म्हणाली. "परीक्षेला बसल्यासारखं नाही. माझा पेपर आधीच तपासून झालाय, असं."

ते खरंच तसं होतं. ती बोलायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावर ऐकून झाल्याचा भाव यायचा.

हुपरीला वडिलांना तिनं फोनवर सांगितलं. मागं चांदीवर हातोडीचा बारीक आवाज चालू होता. भूपाल चौगुले चौसष्टाव्या वर्षीही पैंजण घडवायचे. सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणायची. "तुला नको ना? मग नको," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या सांगण्यावर संसार होत न्हाई बाळ."

शलाकाचं तिसरं माणूस म्हणजे नझीरभाई मुल्ला, स्टुडिओतले ध्वनिमुद्रक. काचेपलीकडून ते फक्त डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "बेटा, हा नकार घशातून आला. पोटातून दे." अशी तीन माणसं होती तिची, आणि तिला चौथ्याची गरज वाटत नव्हती.

*

त्या काळात डबिंगची रीत बदलली होती, ती इथं सांगायला हवी.

पूर्वी पडद्यावरच्या जपानी ओठांत मराठी शब्द कोंबावे लागत. आता आवाज देणाऱ्याच्या कपाळाला आणि गळ्याला एक पातळ पट्टी लावत. तिला भावपट्टी म्हणायचे. चेहऱ्याचा स्नायू हलण्याआधी त्यात जो सूक्ष्म विद्युतप्रवाह जातो तो ती टिपायची. नाडी, श्वास, त्वचेवरचा घामही टिपायची. त्यावरून संगणक मिओरीचा चेहरा नव्यानं रेखाटायचा. म्हणून मराठीतली मिओरी वैतागली की हुपरीच्या बायकांसारखी एक भुवई उडवायची, आणि लोकांना ती आपल्या गल्लीतली वाटायची.

शलाका तीन वर्षं रोज सहा तास ती पट्टी लावत होती. राग, लाज, मोह, भीती, एकटेपण, सगळं तिनं त्या पट्टीखाली खरंखुरं अनुभवलं होतं. नझीरभाई खोटं चालू देत नसत. ही सगळी नोंद स्टुडिओच्या मालकीची राहील, असं करारात लिहिलेलं होतं. तिनं सही केली होती, सगळेच करतात तशी.

*

नंतरचे आठ महिने आनंदाचे गेले. कुठं बोट ठेवावं अशी एकही वाईट गोष्ट त्यांत घडली नाही.

आधी ओवीला नॉर्वेहून पत्र आलं. तिनं कुठल्याशा परिषदेत वाचलेला निबंध तिथल्या संस्थेला आवडला होता. तीन वर्षं संशोधनासाठी बोलावलं होतं. "मी अर्जसुद्धा केला नव्हता गं!" ओवी पलंगावर उड्या मारत होती. जूनमध्ये ती गेली. काचेच्या बश्या शलाकानं धुऊन माळ्यावर ठेवल्या.

मग नझीरभाई. हैदराबादेत जुन्या ध्वनिमुद्रिकांचं एक संग्रहालय उघडलं होतं, त्यांना जाणता कान हवा होता. नझीरभाईंच्या बायकोची दृष्टी जात चालली होती आणि तिच्या आजारावरचे उत्तम डॉक्टर त्याच शहरात होते. निरोपाच्या दिवशी ते काचेच्या अलीकडं आले. एरवी कधी येत नसत. शलाकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ऊपरवाल्याची मेहरबानी, बेटा. पण नव्या माणसाला खोटं चालेल हं. तू चालवून घेऊ नकोस."

आणि दिवाळीच्या आधी आण्णा. कटकला चांदीकामाची एक शाळा निघाली होती. त्यांना पैंजणाचा उस्ताद हवा होता, यंत्रावर नव्हे तर हातावर शिकवणारा. राहायला घर, अकरा विद्यार्थी. आण्णांनी आपली हत्यारं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली. "चौसष्टाव्या वर्षी नोकरी लागली बघ मला," ते स्टेशनवर म्हणाले. ते लाजल्यासारखे हसत होते.

शलाका एकटी राहिली. रविवारी ती दोन माणसांचा भात लावायची आणि मग आठवायचं. स्टुडिओत काचेपलीकडं दर महिन्याला नवा, सभ्य माणूस दिसायचा.

डिसेंबरात तिला ताप आला. तीन दिवस उतरला नाही. कैवल्यनं डॉक्टर पाठवला. चौथ्या दिवशी सकाळी तो स्वतः आला, डब्यात गुरगुट्या भात आणि लिंबाचं लोणचं घेऊन. फुलं नाहीत, भेटवस्तू नाही. दाराजवळच्या खुर्चीत दहा मिनिटं बसला. लग्नाचा विषय काढला नाही. तो गेल्यावर शलाकाला वाटलं, आणखी थोडा बसला असता तर बरं झालं असतं. वाटलं ते अगदी आतून वाटलं.

जानेवारीत त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. या वेळी ती हसली नाही. "मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली.

"घ्या ना. मार्चपर्यंत घ्या."

मार्चच का, हे तिनं विचारलं नाही.

*

डॉ. वृंदा केळुस्करांनी तिला फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्टुडिओच्या मागच्या प्रयोगशाळेत बोलावलं. भावपट्टीची सगळी संगणकप्रणाली त्यांनी बांधली होती. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. शलाका नेहमीप्रमाणे पट्टी लावायला गेली.

"लावू नकोस," वृंदाताई म्हणाल्या. "आज नको. बस."

त्यांनी दाराला कडी घातली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"हवामानाचा अंदाज कसा काढतात ठाऊक आहे? ढग हातात घेऊन कुणी बघत नाही. वारा, दमटपणा, तापमान यांचे आकडे यंत्रात भरतात आणि आभाळाची एक नक्कल चालवतात. एकदा नाही, हजारदा. दर वेळी आकडे जरासे बदलून. हजारांतून आठशे वेळा पाऊस पडला, तर म्हणतात पाऊस येणार."

"बरं."

"माणसाचंही तसं करता येतं. तू 'हो' किंवा 'नाही' म्हणतेस ते तुला त्या क्षणी ठरवल्यासारखं वाटतं. पण त्याआधीच शरीर एका बाजूला कललेलं असतं. नाडी, श्वास, स्नायू, सगळं. अशा कलांची नोंद थोडी असली तर काही कळत नाही. तुझी नोंद तीन वर्षांची आहे. इतकी नोंद आजवर कुठल्याच माणसाची झालेली नसेल." त्यांनी यंत्राकडं बोट केलं. "तिच्यातून तुझी नक्कल तयार केली. आवाजाची नाही. निर्णयाची."

"कशासाठी?"

"मालकांना सराव करायचा होता."

शलाकाला आधी कळलंच नाही. मग वृंदाताईंनी पडदा तिच्याकडं वळवला. वर एक आकडा होता : एकेचाळीस हजार दोनशे सोळा.

"इतक्या वेळा तू या यंत्रात त्याला नाही म्हणालीस. पहिल्या नऊ हजार वेळा तो स्वतःला बदलत होता. बोलणं, कपडे, विनोद, विचारायची जागा. जिन्यात विचारणं त्यातल्या त्यात बरं निघालं, निदान तू हसायचीस. पण हो कधीच नाही. एकदाही नाही." वृंदाताईंचा आवाज खाली गेला. "तेव्हा मी म्हणाले, माणूस हलत नसेल तर भोवताल हलवून बघा. गणितातला प्रश्न म्हणून म्हणाले गं. आभाळाच्या बाबतीत ते करता येत नाही. माणसाच्या बाबतीत येतं."

खाली यादी होती. शलाकानं ती वाचली.

ओवी दूर गेल्यास : शंभरात चार वेळा हो. नझीर मुल्लाही गेल्यास : सतरा. वडीलही गेल्यास : अडतीस. त्यानंतर तीन दिवसांचं आजारपण : एकसष्ट. त्यापुढं कंसात लिहिलं होतं, 'वाट पाहणे'. त्याखाली, 'वेळ मागितल्यास मार्चपर्यंत देणे'.

"ताप त्यानं आणला नाही," वृंदाताई घाईनं म्हणाल्या. "हिवाळ्यात तुला एकदा येतोच. तो थांबला फक्त."

यादीत आणखी एक ओळ होती. शेवटची.

वडिलांचा मृत्यू : त्र्याण्णव.

शलाका त्या ओळीकडं बघत राहिली. "हे त्यानं लिहिलं?"

"यंत्र पुढची पायरी आपोआप सुचवतं. ती चालवून बघायची की नाही, हे माणूस ठरवतो. त्यानं बघितली. एका दुपारी, एक हजार वेळा. मग फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली नाही."

यंत्राच्या आत एका दुपारी आण्णा हजार वेळा मेले होते, आणि त्यांतल्या नऊशे तीस वेळा तिनं कैवल्यला हो म्हटलं होतं.

"कोर्टात जाऊ?" तिनं विचारलं.

"तुझा करार मी वाचलाय. उपयोग नाही." वृंदाताईंनी कडी काढली. "मला तुला सांगायचं होतं, एवढंच."

*

कैवल्य आपल्या केबिनमध्ये होता. तिला बघताच त्यानं हातातला कागद बाजूला ठेवला.

"वृंदाताईंनी दाखवलं तर," तो म्हणाला. "बसा. मी नाकारणार नाही."

"माझी माणसं तुम्ही हलवलीत."

"मी दारं उघडून दिली. पाय त्यांनी टाकला. ओवीला विचारा, परत यायचंय का. नझीरभाईंच्या बायकोला आता एका डोळ्यानं वाचता येतं. आणि तुमच्या आण्णांना—"

"आण्णांचं नाव घेऊ नका."

त्यानं पहिल्यांदाच नजर खाली घातली. "ती शेवटची ओळ मी चालवायला नको होती. पण मी काही करणार नाही. मी तसला माणूस नाही."

"तसले नाही तर चालवून कशाला बघितलीत?"

"आकडा माहीत असावा म्हणून."

खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं. तो शांतपणे, समजावून सांगावं तसा बोलत राहिला. "शलाका, आपल्याकडं मुलगी बघायला जायच्या आधी काय करतात? गावात चौकशी करतात. शेजाऱ्यांना विचारतात, पत्रिका जुळवतात, तिच्या मामाच्या ओळखीचं कुणी निघतंय का ते काढतात. मुलीला पत्ताही नसतो. मीही चौकशीच केली. जरा खोल केली इतकंच. आणि एक खरं सांगा. जानेवारीत तुम्ही वेळ मागितलात, ते खोटं होतं?"

खोटं नव्हतं. त्याच्याकडं रागानं बघताना सुद्धा तिला त्या खुर्चीतला, डबा घेऊन आलेला माणूस आठवत होता.

"माझं उत्तर नाही असं आहे," ती म्हणाली.

"का?"

तो पुढं झुकला. त्या 'का'मध्ये राग नव्हता, कुतूहल होतं. शलाकाच्या तोंडाशी शब्द गोळा झाले. "कारण तुम्ही—" तिनं सुरुवात केली, आणि तिची नजर टेबलावरच्या छोट्या हिरव्या दिव्याकडं गेली. रेकॉर्डिंगच्या खोलीत नोंद चालू असताना लागतो तसलाच दिवा. कैवल्य तिच्याकडं बघत नव्हता. डोळे किंचित मिटून ऐकत होता.

ती जे सांगेल ते सगळं आत जाणार होतं. एकेक कारण. नकार जितका पोटातून, जितका नेमका, तितकं यंत्र शहाणं होणार होतं.

तिनं तोंड मिटलं. पिशवी उचलली.

"कारण मी काय?" तो मागून म्हणाला. "शलाका, वाक्य तरी पुरं करा."

ती जिना उतरून रस्त्यावर आली.

*

फ्लॅटवर पोचताच तिनं ओवीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

"म्हणजे," ओवी म्हणाली, "माझा निबंध त्यांना आवडला नव्हता?"

"आवडला असेल गं."

"नाही. तू तेच सांगतेयस मला." तिचा आवाज बदलला होता. "मी इथं रोज बारा तास काम करते, शलाका. सगळे मला मानतात इथं." आणि मग, थोड्या वेळानं, "मी परत येऊ का?" पण ते तिनं असं विचारलं की शलाका म्हणाली, "छे, वेडी आहेस का?" त्यानंतर ओवीचे फोन पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं येऊ लागले.

नझीरभाईंनी नीट ऐकून घेतलं. "मी येतो, बेटा," ते म्हणाले. "हिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मेमध्ये आहे. तेवढं झालं की आलोच."

"नका येऊ, नझीरभाई."

ते रडत होते, हे तिला कळलं.

आण्णांना तिनं फोन केला नाही. ती कामावर परत न जाता थेट कटकला गेली.

शाळा महानदीच्या बाजूला, एका जुन्या गोदामात होती. आण्णा पाटावर बसले होते आणि भोवती अकरा पोरं-पोरी. मोडक्यातोडक्या हिंदीत ते कडीला कडी कशी जोडायची ते दाखवत होते. लिपिका नावाची सगळ्यात मोठी मुलगी त्यांचा हात जिथं थांबेल तिथं आपला हात थांबवत होती. "गुरुजी" म्हणायची सगळी त्यांना. शलाकानं दारातूनच बघितलं. या माणसाला काय सांगणार? तुमचा हात कुणाला हवाच नव्हता म्हणून?

"अगं, तू कशी काय?" आण्णांनी मान वर केली.

"आले," ती म्हणाली. "राहते थोडे दिवस."

ते थोडे दिवस सरले नाहीत. ती त्यांच्याबरोबरच राहिली, आणि रोज पहाटे उठून आधी त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघू लागली. बाहेरून आलेलं औषध ती हुंगून बघायची. रस्ता ओलांडताना त्यांचा दंड धरायची. "मी म्हातारा झालोय, आंधळा न्हाई," आण्णा चिडायचे.

एप्रिलमध्ये 'नको रे बाबा, युवराज!'चा शेवटचा भाग आला. आण्णांनी फोनवर लावला. शलाकानं तो भाग केला नव्हता. पडद्यावर मिओरी नूडल्सची गाडी बंद करत होती. वारसानं विचारलं. मिओरीनं एक भुवई उडवली, मग ती खाली आली, आणि एक अर्धा श्वास घेऊन ती म्हणाली, "हो."

शलाका फोनच्या जवळ सरकली. आवाज तिचा होता. श्वासही. तिनं कधी हो म्हटलं असतं तर अगदी तसंच म्हटलं असतं.

"चांगलं म्हणालीस की गं," आण्णा डोळे पुसत म्हणाले.

बंगळुराहून वृंदाताईंचा निरोप आला तो त्याच आठवड्यात. त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली होती. त्यांनी ती घेतली होती.

*

आण्णा नोव्हेंबरात गेले. सकाळी चहा पिऊन हातात हातोडी घेतली आणि पाटावर कलंडले. लिपिकानं हाक मारेपर्यंत संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही धमन्या कित्येक वर्षांपासून अरुंद झालेल्या होत्या. शलाकानं तीन वेळा तेच विचारलं. शवविच्छेदन करायला लावलं. लोकांना ते आवडलं नाही. अहवाल तोच आला : नैसर्गिक. तिनं अहवाल चार वेळा वाचला आणि तिला एवढंच कळलं, की आपल्याला हे कधीच कळणार नाही. आण्णा त्यांच्या वेळेला गेले असतील. किंवा नसतील. पुढं जन्मभर त्यांची आठवण काढताना हा प्रश्न मध्ये उभा राहणार होता.

आण्णा गेले त्या सकाळीच, दोन तासांत, विमानतळावरून फोन आला होता. सरंजाम्यांचं विमान उभं होतं. आण्णांना हुपरीला नेता येईल, त्यांच्या माणसांत, त्यांच्या मातीत. आण्णांची तीच इच्छा होती. ते तसं बोलून दाखवत. शलाका फोन कानाला धरून उभी राहिली. लिपिका तिच्या तोंडाकडं बघत होती.

"नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काठजोडी नदीच्या काठावर अकरा विद्यार्थ्यांनी खांदा दिला. अग्नी शलाकानं दिला. णमोकार मंत्र म्हणणारं तिच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. हुपरीचे भाऊबंद फोनवर बोल लावत राहिले : पोरीनं बापाला परमुलखात जाळलं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून ती परतली तर कैवल्य शाळेच्या ओसरीवर बसला होता. साधा पांढरा सदरा, सोबत कुणी नाही. तो उठला.

"मला काही विचारायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही जेवलात का?"

तीन दिवसांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. तिच्या आत काहीतरी कललं. काय कललं ते तिला ठाऊक होतं, त्याचा आकडाही तिनं वाचला होता. ठाऊक असून काही फरक पडत नव्हता. भूक कशानं लागते हे कळल्यानं भूक जात नाही. त्या ओसरीवर त्याच्या शेजारी बसावं, डोळे मिटावेत, पुढचं सगळं त्यानं बघावं, असं तिला वाटलं. फार वाटलं.

"कोल्हापूरला चला," तो हलकेच म्हणाला. "एकटीनं इथं काय करणार?"

"नाही."

तो थांबला. का, असं त्यानं तोंडानं विचारलं नाही, पण दहा मिनिटं तो त्याच उत्तराची वाट बघत बसला आणि ती समोर उभी राहिली. ती एक शब्दही बोलली नाही. रडूसुद्धा आवरलं. मग त्यानं आण्णांच्या फोटोला हात जोडले आणि गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं. ते खरं आहे असं तिला वाटलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

*

शाळेनं शलाकाला आण्णांच्या पाटावर बसायला सांगितलं. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून तिचा हात तयार झालेला होता. मुलांना आवडली ती. दुपारी सगळी मिळून जेवायची, पाण्यात भिजवलेला पखाळ भात आणि भाजलेली वांगी. लिपिका तिला उडिया शिकवायची आणि चुकलं की पोट धरून हसायची. जानेवारीत एकदा शलाकाच्या लक्षात आलं, की आपण दोन दिवसांत कुणाला घाबरलेलो नाही.

त्याच आठवड्यात लिपिका छेनापोड मिठाईचा पुडा घेऊन धावत आली. इटलीतल्या दागिन्यांच्या एका शाळेनं तिला बोलावलं होतं. दोन वर्षं, राहण्याजेवण्यासह.

"दीदी, मी अर्जसुद्धा केला नव्हता!"

शलाकानं पत्र हातात घेतलं. मोठ्या मेहनतीनं वाचल्यासारखं केलं. लिपिकाचा चेहरा फुलून आला होता.

"तुझं काम आवडलं असणार त्यांना," शलाका म्हणाली.

"मी जाऊ? तुम्ही एकट्या पडाल."

"जा."

महिनाभरात आणखी आठ पत्रं आली. एक जपानहून, एक जयपूरहून. घरोघर मिठाई वाटली गेली. मार्चमध्ये शलाकाच्या वर्गात दोघं उरली, आणि त्यांतल्या एकाची आई रोज टपालवाल्याची वाट बघत दारात उभी राहू लागली.

शलाकानं हार मानली नाही. तिनं स्वतः पाटी रंगवली, 'नवे विद्यार्थी घेणे आहे', आणि शाळेच्या दारावर लावली. जितकी जातील तितकी नवी घेऊ, तिनं ठरवलं. या शहरात माणसं कमी नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दार उघडायला आली तर रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती. पोरं, पोरी, कडेवर मूल घेतलेल्या बायका, एक निवृत्त मास्तरसुद्धा. तिला बघताच सगळे सरसावून पुढं आले. तिला फार आनंद झाला.

पहिली मुलगी वीसेक वर्षांची होती. केसांना तेल, हातात कागदांची पिशवी.

"काम चिकाटीचं आहे," शलाका तिला म्हणाली. "बोटांना चटके बसतात. चालेल?"

"चालेल, दीदी." मुलीनं मान हलवली. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "पत्र किती दिवसांत येतं?"

शलाकानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या मागच्या रांगेकडं. मग तिनं चिमटा उचलून मुलीच्या हातात दिला आणि तिला बसायला जागा करून दिली.